पिकअपच्या केबिनसाठी बूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा, कसा बसवावा

आंबिया बहराचे दिवस आले की संत्रा भरलेल्या पिकअप वरुड-मोर्शीकडून रात्रीच निघतात आणि पहाटेपर्यंत नागपूरच्या कळमना बाजारात लागतात. आठवड्यात तीन-चार फेऱ्या होतात, आणि इतक्या रस्त्यात ड्रायव्हरला सोबत कोणाची, तर गाण्याची. त्यामुळे कोणी बूफर, म्हणजे खालचे जड स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायला दुकानात आला तर मला ती उधळपट्टी वाटत नाही. जो माणूस दिवसाचे दहा तास केबिनमध्ये काढतो, त्याला चांगला आवाज मिळालाच पाहिजे. पण बहुतेक जण आधी खरेदी करून मग येतात. "भाऊ, तीन हजार वॅटचा आणला, पण आवाज तं फाटूनच राह्यला," असं ऐकलं नाही असा महिना जात नाही. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजलेले असतात, आणि वायरसाठी खिशात काही उरलेलं नसतं.

क्रम उलटा करायला हवा. आधी जागा मोजा, मग बूफर ठरवा, त्याला जुळणारा अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, घ्या, आणि एकूण रकमेतला पाचवा हिस्सा वायर, फ्यूज आणि जोडणीसाठी पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

जागा मोजणे

सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात जेमतेम वीत-दीड वीत जागा असते. त्यात जॅक, टॉमी, ताडपत्रीची दोरी, पाण्याची कॅन हेही असतंच. सीट मागे सरकणारी असेल तर गाडी चालवणाऱ्यांत जो सगळ्यात उंच असेल त्याला बसवा, सीट त्याच्या सोयीने मागे घ्या आणि मग मोजा. टेपने मापं घेतली तरी मी एक काम हमखास करतो. संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून, होणाऱ्या पेटीच्या आकाराचं खोकं बनवतो आणि ते सीटमागे सरकवून पाहतो. पत्रा खाली एका मापाचा असतो आणि वर आत झुकलेला असतो. सीटबेल्टची गुंडाळी नेमकी कोपऱ्यात आडवी येते. टेप हे सांगत नाही, पुठ्ठा लगेच सांगतो.

हौद्यात किंवा हौद्याच्या पत्र्याला बूफर लावायचा विचारही करू नका. धूळ, पाऊस आणि चढ-उतार होणारा माल त्याला एक हंगाम टिकू देत नाहीत.

लहान केबिन ही अडचण नाही

५० हर्ट्झच्या स्वराची लाट हवेत जवळपास ७ मीटर लांब असते आणि पिकअपची केबिन दीड-दोन मीटरची. इतक्या छोट्या बंद जागेत खालचे स्वर पसरायला जागाच नसल्याने हवेचा दाब सगळीकडे एकदम वाढतो आणि बेस आपोआप उचलला जातो. मंडपात जो बूफर कमी पडेल, तोच केबिनमध्ये छातीवर थाप मारतो. म्हणून एका माणसाच्या केबिनसाठी ८ किंवा १० इंची एकच बूफर पुरतो. १२ इंची दोन लावलेले मी पाहिले आहेत. दाराचा पत्रा आणि आरसा थरथरतो, आणि गाण्यातले शब्द त्यात बुडून जातात.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात तीन रस्ते आहेत. सीटखाली बसणारा चपटा, आतच अ‍ॅम्प असलेला बूफर; गोल लांबट बेसट्यूब; आणि लाकडी पेटीत बसवलेला वेगळा बूफर.

ज्यांना जागा अजिबात नाही आणि झंझट नको, त्यांनी चपटा घ्यावा. वायरिंग सोपं असतं. पण आधी सीट उचलून खाली पाहा. छोटा हत्तीसारख्या गाडीत इंजिनच सीटखाली असतं, तिथे हा बूफर भाजून निघेल. बेसट्यूब कारच्या डिकीसाठी ठीक आहे. पिकअपमध्ये ती लोळते, पट्टे सैल होतात, आणि तिच्यामागची जागाही वाया जाते.

माझा कौल सीटमागच्या बंद पेटीला आणि त्यात कमी खोलीच्या, म्हणजे 'स्लिम' १० इंची बूफरला आहे. भोक असलेली पोर्टेड पेटी जास्त जोरात वाजते, पण तिला आकार मोठा लागतो आणि मापात थोडी चूक झाली तरी आवाज घुमतो. बंद पेटी चूक पोटात घालते. ढोलकी, हलगी, पखवाज यांची थाप तिच्यात तुटक आणि स्वच्छ येते.

पेटी गावातल्या सुताराकडून करून घेता येते. त्याला आतली मापं सांगा. आतून ६० सेंमी लांब, ३० सेंमी उंच आणि १४ सेंमी खोल असेल तर गुणाकार २५,२०० घन सेंमी, म्हणजे २५.२ लिटर होतो. बूफर स्वतः त्यातले लिटर-दोन लिटर खातो. बऱ्याच १० इंची बूफरना बंद पेटीत १७ ते २८ लिटर चालतात, तरी आपल्या बूफरच्या कागदावरचा आकडा पाहूनच पक्कं करा. १८ मिमी जाडीची फळी वापरली की बाहेरची लांबी, उंची आणि खोली प्रत्येकी ३.६ सेंमी वाढते हे विसरू नका, नाहीतर पुठ्ठ्याचं खोकं बसेल आणि लाकडाचं अडेल. एमडीएफ स्वस्त आहे आणि आवाजाला चांगला, पण पावसाळ्यात ओल्या पायांनी चढ-उतार होणाऱ्या केबिनमध्ये तो खालून फुगतो. आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लाय घ्या. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्हींनी बंद करा. पेटी शेवटी पत्र्याला किंवा सीटच्या लोखंडी चौकटीला बोल्टने पक्की करा. अचानक ब्रेक लागला तर पंधरा किलोची पेटी थेट पाठीत येते.

वॅट आणि ओहम

खोक्यावर जो हजारोंचा आकडा असतो तो 'पीक' किंवा 'मॅक्स'. तो क्षणभराचा, अनेकदा नुसता जाहिरातीचा. तुम्ही 'आरएमएस' लिहिलेला आकडा शोधा, कारण तितका भार बूफर किंवा अ‍ॅम्प सतत झेलतो. ज्या खोक्यावर आरएमएस कुठेच नाही ते खोकं परत ठेवा.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. बूफर १० इंची, २५० वॅट आरएमएस, त्यात ४-४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर भार २ ओहम होतो. एकामागे एक जोडल्या तर ८ ओहम. आता अ‍ॅम्प असा हवा जो २ ओहमवर २५० ते ३०० वॅट आरएमएस देतो. ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर काय, याचा उल्लेखच नाही, असा अ‍ॅम्प घेऊ नका. आणि पुढेमागे असाच दुसरा बूफर समांतर जोडला तर भार १ ओहमवर येईल. अ‍ॅम्प तेवढ्या खाली चालणारा नसेल तर तापून बंद पडेल.

बूफरसाठी एका चॅनलचा, म्हणजे मोनो, क्लास डी अ‍ॅम्प घ्या. तो घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के आवाजासाठी वापरतो. आपल्या उदाहरणात २५० वॅटसाठी त्याला पूर्ण जोरात २३ अँपियरच्या आसपास लागतील. जुन्या पद्धतीचा क्लास एबी त्याच कामाला ३३ अँपियर ओढेल आणि उरलेली वीज उष्णता होऊन केबिनमध्येच सुटेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा फरक हाताला जाणवतो.

टेपच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या गाणी वाजवणाऱ्या प्लेअरच्या, मागे आरसीएचे (अ‍ॅम्पला सिग्नल देणाऱ्या केबलचे) छिद्र आहे का तेही पाहा. नसेल तर 'हाय लेव्हल इनपुट' असलेला अ‍ॅम्प घ्या, म्हणजे स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेता येतो. आणि दारातले स्पीकर फाटके असतील तर आधी ते बदला. नुसत्या बूफरने गाणं होत नाही.

वायरिंग: इथे घाई नको

मी शिकाऊ होतो तेव्हा एक पिकअप दुकानासमोर धूर काढत आली. बॅटरीपासून केबिनपर्यंतची वायर पत्र्याच्या उघड्या छिद्रातून नेलेली होती. सातपुड्याच्या रस्त्यावर हादरे बसून पत्र्याच्या धारेने वायरचं प्लास्टिक खरवडलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. फ्यूज होता, पण डॅशबोर्डखाली, म्हणजे टेकलेल्या जागेच्या पुढे. त्यामुळे तो उडालाच नाही. ड्रायव्हरने बॅटरीचं टर्मिनल हाताने ओढून काढलं आणि तळहाताची कातडी गमावली. त्या दिवसापासून मी बॅटरीजवळ फ्यूज लावल्याशिवाय गाडी सोडलेली नाही.

तर मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंमीच्या आत हवा. बॅटरी कुठे बोनेटखाली असते, कुठे चेसिसच्या कडेला पेटीत, पण अंतर तेच. आपल्या उदाहरणात अ‍ॅम्पवर स्वतःचा ३० अँपियरचा फ्यूज असेल तर बॅटरीजवळ ४० चा लावा. मोठा फ्यूज टाकला म्हणजे आवाज वाढत नाही, फक्त संरक्षण जातं. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या धारेवर बसणारी कडी, बसवा, आणि सगळ्या लांबीवर नालीदार पाइप चढवा. आपल्याकडे गाडी धान्याच्या गोदामाशेजारी उभी राहते आणि उंदरांना नवी वायर आवडते.

चार-पाच मीटर अंतराला ८ गेजची वायर पुरते (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), पण ती अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर ढिगाने आहे. तिची वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास असते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून लाल निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर परत द्या. तशी वायर घेणं भागच असेल तर ४ गेज घ्या.

अर्थची वायरही तितकीच जाड आणि ४५ सेंमीपेक्षा छोटी ठेवा. पत्र्यावरचा रंग सॅंडपेपरने घासून चकचकीत करा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नका. अ‍ॅम्प अधूनमधून बंद पडतो, आवाजात घरघर येते अशा तक्रारी आल्या की मी सर्वांत आधी अर्थच तपासतो. इंजिनची गती वाढवली की स्पीकरमधून शिट्टी येत असेल तर आरसीए केबल आणि बॅटरीची वायर एकत्र नेलेली असते. एक डावीकडून न्या, दुसरी उजवीकडून.

रिमोटची वायर, म्हणजे टेप चालू झाला की अ‍ॅम्पला जागं करणारी, बहुतेक टेपला निळ्यावर पांढरी रेघ असलेली असते, तीच अ‍ॅम्पच्या रिमोटला जोडा. ती थेट बॅटरीवर जोडली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी डिझेल इंजिन फिरवायला बॅटरीत दम उरत नाही.

अ‍ॅम्प सीटमागे उभा बसवा, बूफरच्या पेटीवर नको, हादऱ्याने आतले टाके सुटतात. चारही बाजूंनी चार-पाच सेंमी हवा खेळती ठेवा, आणि तळापासून लाकडी पट्टीवर उचला, कारण आपण केबिन पाइपने धुतो. कापसाच्या हंगामात जिनिंगला जाणारी गाडी असेल तर अ‍ॅम्पच्या पात्यांत रुई अडकून गादी बनते. महिन्यातून एकदा ब्रशने काढा.

आवाज लावणे

गेनची कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे. टेपचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालण्यासाठी ती असते. सगळे तिथेच चुकतात आणि कॉइल जाळतात.

बेस बूस्ट शून्यावर ठेवा, टेपचा आवाज पाऊणपर्यंत न्या, मोबाइलचा पूर्ण. इंजिन चालू ठेवा. बूफरची वायर अ‍ॅम्पमधून काढा. मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला टेकवा. २५० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे ५००, आणि त्याचं वर्गमूळ २२.४. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि मीटर २२.४ व्होल्टला आला की थांबा. त्यापुढे अ‍ॅम्प लाटेचे शेंडे कापायला लागू शकतो, आणि कापलेली लाट कॉइलला भाजते.

बूफर पुन्हा जोडा. लो पास, म्हणजे बूफरला फक्त खालचे स्वर देणारी कळ, ८० हर्ट्झवर ठेवा. टेपमध्ये हाय पासची, म्हणजे खालचे स्वर गाळण्याची, सोय असेल तर दारातल्या स्पीकरलाही ८० द्या, त्यांचा भार हलका होतो. मग ड्रायव्हरच्या जागी बसून, दारं-काचा लावून, फेजची कळ ० आणि १८० अशी फिरवून पाहा. ज्या बाजूला बेस भरीव लागेल ती ठेवा. दुकानाच्या ओट्यावर उभं राहून ऐकू नका.

पूर्ण जोरात वाजवताना, इंजिन चालू असताना, बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.५ च्या वर टिकले तर चांगलं. थापेबरोबर १२.५ च्या खाली जात असतील तर बॅटरीचे टर्मिनल साफ करा आणि आल्टरनेटरच्या लेबलवरचे अँपियर पाहा. हेडलाइट, पंखा, वायपर या सगळ्यांचा भार त्याच्यावरच असतो. बाजारात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून तासन्‌तास बूफर वाजवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली.

गावातून जाताना, विशेषतः रात्री १० ते सकाळी ६ च्या दरम्यान, आवाज खाली घ्या. मागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येईल इतकाच बेस रस्त्यावर बरा.

आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा पाना घेऊन बसा. अर्थचा बोल्ट, बॅटरीचे टर्मिनल, पेटीचे बोल्ट नव्याने आवळा. अर्धा तास जोरात वाजवून फ्यूजच्या डबीला हात लावा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर आत स्क्रू सैल आहे.