कॉफी उद्योगातील स्त्रियांच्या हाती निर्णय कसे सोपवावेत?

कॉफीच्या उत्पादनातील ७० टक्क्यांपर्यंत श्रम स्त्रियांचे असतात, परंतु त्यांनी चालवलेल्या मळ्यांचे प्रमाण २० ते ३० टक्केच आहे, असे आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा २०१८ चा अहवाल सांगतो. त्यामुळे स्त्रियांना अधिक काम देण्याऐवजी त्या करतात त्या कामाचा पैसा आणि त्यावरील निर्णय त्यांच्याकडे कसे येतील, हे कॉफी उत्पादकांच्या संस्थेने आधी ठरवावे.

सुरुवातीला रोपवाटिकेपासून बियांच्या निवडणीपर्यंतची कामे एका तक्त्यात मांडावीत आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करते व त्याचे पैसे कोण घेते, हे लिहावे. ही माहिती स्त्रियांकडून व पुरुषांकडून वेगवेगळी घ्यावी, कारण एकत्र बसवल्यास बहुधा एकच बाजू बोलते. फळांची तोडणी वजनावर मोजली जात असेल, तर प्रत्येकीची टोपली तिच्यासमोर, तिच्याच नावावर तोलावी आणि पावती व मजुरी तिलाच द्यावी. तोलणाऱ्या मुकादमाकडेच तक्रारी ऐकण्याचे काम मात्र ठेवू नये.

सभासदत्व जमिनीच्या मालकीशी जोडलेले असल्यास जमीन नावावर होण्याची वाट पाहत बसू नये. सर्वसाधारण सभेत पोटनियम बदलून एका कुटुंबातील दोघांना सभासद करता येते, मात्र दोघांनाही स्वतंत्र मताधिकार असला पाहिजे.

सर्वाधिक लक्ष चव-परीक्षणाकडे, म्हणजे कॉफी चाखून तिला गुण देण्याकडे द्यावे, कारण भावाची घासाघीस तेथूनच सुरू होते. १५० मिलिलिटर गरम पाण्याला सुमारे सव्वाआठ ग्रॅम भरड पूड घ्यावी, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून गंध घ्यावा आणि थोडी निवल्यावर चव पाहावी. कच्ची फळे मिसळल्याने आलेला तुरटपणा किंवा बियांवरचा गर सुटण्यासाठी केलेली आंबवणी लांबल्याने आलेला शिरक्यासारखा वास जिला ओळखता येतो, तिला तो दोष फळांच्या निवडीत व आंबवणीतच टाळताही येतो. शंभरपैकी ८० किंवा त्याहून अधिक गुणांची कॉफी विशेष दर्जाची मानली जाते, त्यामुळे आपल्या मालाला किती गुण मिळतील, हे जाणणारी स्त्री खरेदीदाराचा शब्द निमूटपणे स्वीकारत नाही. हे प्रशिक्षण तोडणीच्या हंगामात ठेवू नये, मुले सांभाळण्याची सोय त्याच ठिकाणी करावी आणि प्रशिक्षित स्त्रीला प्रत्यक्ष माल स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार द्यावा. नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

स्त्रियांनी पिकवलेला माल वेगळा विकायचा असल्यास त्याला मिळणारी जादा रक्कम कोणाच्या खात्यात गेली, याचा हिशेब सभेत वाचून दाखवावा. पाकिटावर हसऱ्या स्त्रियांची छायाचित्रे छापून ही जबाबदारी संपत नाही.

भाजणीच्या कारखान्यात मात्र अडथळा वेगळाच असतो. कॉफीचे पोते साधारणपणे ६० किलोचे असते आणि ते उचलता येत नाही, या सबबीखाली स्त्रियांना यंत्रापासून दूर ठेवले जाते. ढकलगाडी आणावी किंवा माल लहान डब्यांत भरून घ्यावा. पुरुष कामगारांच्या पाठीलाही त्याने आरामच मिळेल.