तामारिनच्या उपसागरात लाट आणि वारा वाचताना या चुका टाळा

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील तामारिनचा उपसागर नुसता नकाशावर पाहिला, तर तिथे मोठी लाट फुटण्याचे काही कारण दिसत नाही. बेटावर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि हा उपसागर नेमका त्यांच्या पाठीमागे, डोंगरांच्या आडोशाला आहे. तरीही मे ते सप्टेंबर या तिथल्या हिवाळ्यात, मोजक्या दिवशी, उपसागराच्या दक्षिण बाजूच्या प्रवाळ खडकावर डावीकडे क्रमाक्रमाने फुटत जाणारी अशी एक लाट उठते, की तिच्यासाठी सर्फर दूरदूरच्या देशांतून येतात. मॉरिशसच्या किनाऱ्याला बहुतेक ठिकाणी प्रवाळभिंतीचे कुंपण आहे; तामारिनला मात्र नद्यांचे गोडे पाणी समुद्रात उतरते, त्या पाण्यात प्रवाळ नीट वाढत नाही आणि त्यामुळे कुंपणात पडलेल्या मोकळ्या जागेतून महासागर थेट आत येतो.

कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याचा समुद्राशी परिचय झाला आहे, त्याची एक सवय पक्की झालेली असते. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, लाटाही साधारण त्याच बाजूने येतात आणि वारा वाढला की समुद्र खवळतो, त्यामुळे वाऱ्यावरून लाटेचा अंदाज बांधता येतो. तामारिनला ही सवय आडवी येते. तिथला वारा बेटाच्या दक्षिणेकडील मास्कारीन उच्चदाब क्षेत्रातून निघतो, तर लाट हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मते. दोघांचे वेळापत्रक वेगळे, दिशा वेगळ्या आणि जोरही वेगळा. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या दोन गोष्टी एकाच खात्यात मांडल्यामुळे होतात.

लाटेच्या उंचीचा एकच आकडा पाहणे

सर्वांत जास्त नडणारी चूक ही आहे. अंदाजाच्या तक्त्यात 'लाट २.५ मीटर' असे दिसते, मंडळी पहाटे उठून तामारिनला पोहोचतात आणि समोर पाणी तळ्यासारखे शांत असते. आकडा खोटा नसतो; तो बेटाच्या भोवतालच्या मोकळ्या समुद्राचा असतो आणि त्यात आग्नेयेच्या वाऱ्याने उठवलेल्या जवळच्या लाटा व दुरून आलेला स्वेल (दूरच्या वादळांत उठून प्रवास करत आलेल्या लाटा) यांची एकत्र बेरीज असते. वाऱ्याच्या लाटा पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात, पश्चिमेला त्यांचा थोडाच अंश वळून येतो. म्हणून एकूण उंचीकडे न पाहता तक्त्यातील स्वेलची स्वतंत्र ओळ शोधावी आणि तिच्यातील तीन गोष्टी एकत्र वाचाव्यात: उंची, दिशा आणि आवर्तनकाळ, म्हणजे एका शिखरानंतर दुसरे शिखर येईपर्यंत जाणारे सेकंद.

या तिघांत आवर्तनकाळाकडे नवख्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते. खोल समुद्रात लाटेची लांबी आवर्तनकाळाच्या वर्गाला सुमारे १.५६ ने गुणून मिळते. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब असते, तर सोळा सेकंदांची चारशे मीटर. लाटेला तळाचा स्पर्श जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर. म्हणजे पहिली लाट पन्नास मीटर खोलीपर्यंत तळाची दखल घेत नाही, तर दुसरी दोनशे मीटर खोलीपासूनच मंदावू, वळू आणि उंचावू लागते. भूशिरांना वळसा घालून आडोशाच्या जागी पोहोचण्याची ताकद म्हणूनच लांब आवर्तनकाळाच्या लाटेत असते. उंचीच्या वर्गाला आवर्तनकाळाने गुणले, तर शक्तीची ढोबळ तुलना करता येते: २.५ मीटर आणि आठ सेकंद यांचा गुणाकार पन्नास येतो, तर १.८ मीटर आणि सतरा सेकंद यांचा पंचावन्न. म्हणजे कागदावर लहान दिसणारी दुसरी लाट शक्तीने पहिलीहून कमी नाही, आणि ती नैऋत्येकडून येत असेल तर तिची जवळजवळ सगळी शक्ती तामारिनच्या खडकावर खर्च होते. पुरुषभर उंचीहून मोठी लाट अशा वेळी मिळते.

तक्त्यातील उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, हेही ध्यानात ठेवावे. तिच्याहून मोठ्या लाटा येणारच असतात आणि पुरेसा वेळ थांबल्यास तिच्या पावणेदोन ते दोन पट उंचीची एखादी लाटही येते. ज्याला तक्त्यातील आकडा ही कमाल मर्यादा वाटते, त्याचा हिशेब खडकावर चुकतो.

दिशेला लागणारे अडथळे विसरणे

दक्षिणेकडून येणारा स्वेल आणि नैऋत्येकडून येणारा स्वेल यांत तक्त्यावर बोटभर बाणाचा फरक दिसतो. तामारिनला तो फरक सपाट पाणी आणि उत्तम लाट यांच्यातला असू शकतो. उपसागराच्या दक्षिण-नैऋत्येला, बेटाच्या कोपऱ्यावर, ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न ब्राबांचा डोंगर आणि त्याभोवतीची प्रवाळभिंत आहे. थेट दक्षिणेकडून आलेल्या लाटेला या कोपऱ्याला वळसा घालावा लागतो आणि वळताना ती पसरते, म्हणजेच दुबळी होते. दुसऱ्या बाजूला, पश्चिम-नैऋत्येला, सुमारे दोनशे किलोमीटरवर रियुनियन बेट आहे. त्या बाजूने येणाऱ्या लाटांपुढे ते उभे राहते आणि मागे पातळ सावली टाकते. तामारिनला लाट येण्याचा राजमार्ग या दोन अडथळ्यांच्या मधला आहे, आणि तो अरुंद आहे.

यावरून एक उपाय सुचतो. 'काल दोन मीटर होते तर लाट होती, आज दोन मीटर असून नाही' अशी तक्रार असेल, तर दोन्ही दिवसांची दिशा अंशांत तपासावी. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास १८० अंश म्हणजे दक्षिण आणि २२५ म्हणजे नैऋत्य. १९० वरून २२० पर्यंतचा बदल शब्दांत किरकोळ वाटतो, पाण्यात वाटत नाही.

स्वेल आला नाही म्हणून लवकर परतणे

लांब आवर्तनकाळाच्या लाटा वेगाने धावतात. अठरा सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, बारा सेकंदांचा सुमारे चौतीस किलोमीटरने. तीन हजार किलोमीटरच्या प्रवासात एकाच वादळातून निघालेल्या या दोन समूहांत सव्वा दिवसाचे अंतर पडते. म्हणून नवा स्वेल येताना आधी कमी उंचीच्या, पण लांब आवर्तनकाळाच्या लाटा पोहोचतात. त्यांचे गट विरळ असतात आणि मधला पंधरा-वीस मिनिटांचा काळ पूर्ण शांत जाऊ शकतो. किनाऱ्यावर पाच मिनिटे उभे राहून 'आज काही नाही' असा निकाल देणारा माणूस त्या शांततेत परत जातो, आणि त्याच शांततेच्या भरवशावर पाण्यात उतरलेला दुसरा माणूस पुढच्या गटाच्या तडाख्यात सापडतो. दोघांनीही उतरण्याआधी निदान अर्धा तास खडकाकडे पाहत बसणे हिताचे होते.

आकाश निळे आहे आणि वारा मंद आहे, तेव्हा समुद्र निर्धोक असेल, हा समज या भागात विशेष घातक आहे. १२ मे २००७ रोजी रियुनियनच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रचंड लाटांनी बंदरांची आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामांची हानी केली. त्या लाटा आफ्रिकेच्या दक्षिणेकडील वादळातून आल्या होत्या. तोच स्वेल पुढे उत्तरेकडे सरकत काही दिवसांत मालदीवला पोहोचला आणि तिथल्या अनेक बेटांवर पाणी चढले. केरळात कल्लक्कडल म्हणून ओळखले जाणारे उधाणही याच जातीचे असते. तेव्हा स्थानिक हवामानाचे वर्णन आणि लाटांचा इशारा हे मॉरिशसच्या हवामान खात्याकडून वेगवेगळे घ्यावेत.

वाऱ्याचा अंदाज जसाच्या तसा धरणे

तक्त्यात 'आग्नेय, २० नॉट' म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा वारा दिसला, की काइट (फळीवरच्या माणसाला पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग) घेऊन तामारिनला जाणारे लोक दरवर्षी निराश होतात. जागतिक प्रारूपांच्या, म्हणजे हा अंदाज काढणाऱ्या संगणकीय गणितांच्या, चौकटी साधारण दहा ते पंचवीस किलोमीटरच्या असतात. मॉरिशस जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे ८२८ मीटरपर्यंत चढलेले ब्लॅक रिव्हरचे डोंगर त्या चौकटीत दबून जातात. प्रत्यक्षात वारा या डोंगरांवरून तुटक होऊन उतरतो: कधी झुळूक, कधी अचानक झोत, कधी काहीच नाही. काइटसाठी ही जागा वाईट आहे. सर्फरला मात्र हाच वारा लाभतो, कारण तो किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असल्याने लाटेचे तोंड ताठ आणि गुळगुळीत ठेवतो. एकाच अंदाजाचे दोन खेळांसाठी दोन अर्थ होतात, एवढे लक्षात आले तरी बराच वैताग वाचेल.

याच्या उलट अडचण वारे मंद असलेल्या दिवशी येते. व्यापारी वारे कमजोर झाले की जमीन तापू लागते आणि सकाळ सरता सरता पश्चिमेकडून खारे वारे सुरू होतात. पहाटे काचेसारखी दिसणारी लाट दुपारपर्यंत विस्कटते. प्रारूपात ही घडामोड नीट उमटत नाही. तिथे फक्त 'वारा ५ नॉट' दिसते. अशा दिवशी उजाडताच पाण्यात उतरणे हाच उपाय आहे, मात्र डॉल्फिन पाहायला निघणाऱ्या होड्याही त्याच वेळी उपसागरातून जातात, तेव्हा त्यांच्या वाटेत थांबू नये.

वारा हवा असणाऱ्यांनी गाडीने सुमारे अर्ध्या तासावरच्या ल मॉर्नला जावे. हिवाळ्यात आग्नेय वारा तिथे डोंगराच्या कडेने वळून जोर धरतो आणि किनाऱ्याला समांतर वाहतो. तिथल्या चुका अधिक महाग पडतात. पहिली म्हणजे वारा जातो त्या दिशेला वाहवत जाऊन डोंगराच्या आडोशात शिरणे, जिथे काइट आकाशातून पानासारखा गळून पडतो. दुसरी म्हणजे प्रवाळभिंतीतील वाटेकडे दुर्लक्ष करणे. भिंतीवर लाटा फुटतात तेव्हा पाणी सतत लगूनमध्ये, म्हणजे भिंत आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यात, ढकलले जाते आणि त्याला बाहेर जायला ती एक वाट उरते. स्वेल जितका मोठा, तितका बाहेरचा ओढा जोरदार. वारा पडला आणि काइट पाण्यात बसला, तर हा ओढा माणसाला खुल्या समुद्राकडे नेतो. वन आय ही तिथली प्रसिद्ध लाट याच भागात, अतिशय उथळ खडकावर वेगाने फुटते. लगूनमध्ये सफाई आली म्हणजे वन आयची पात्रता आली, असे मानणाऱ्यांची संख्या पाहता हे स्पष्ट सांगायला हवे: आधी काही दिवस स्थानिक प्रशिक्षकाबरोबर लगूनच्या आतच राहावे आणि बचाव होडी उपलब्ध आहे की नाही, हे उतरण्याआधी विचारून घ्यावे.

काइटचा आकार निवडताना सरासरी वारा नव्हे, झोताचा आकडा पाहावा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १५ नॉटचा वारा २५ वर गेला की ओढ पावणेतीन पट होते.

भरती-ओहोटीचा कोकणी हिशेब

मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चार मीटरांहून अधिक चढ-उतार करते, तर मॉरिशसला हा फरक साधारण अर्ध्या मीटरचा असतो. त्यामुळे काही जण भरतीचे कोष्टक पाहतच नाहीत. खडकावर पाणी कमरेइतके असेल, तर अर्धा मीटर म्हणजे त्यातला निम्मा भाग. पडल्यावर पाठ खरवडणार की नाही, हे त्यावर ठरते. ओहोटीच्या तळाला तामारिनच्या खडकावर नवख्याने उतरू नये. मोठा स्वेल असताना लाटा स्वतःच पाणी आत चढवतात आणि पातळी कोष्टकापेक्षा वर राहते, त्यामुळे शांत दिवशी पाहून ठेवलेली खडकाची खूण त्या दिवशी दिसत नाही, पण खडक जागेवरच असतो.

एककांचा आणि वेळेचा गोंधळ

काही तक्ते वारा नॉटमध्ये देतात, काही मीटर प्रति सेकंदात, काही ताशी किलोमीटरमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वाऱ्याचे नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडते, प्रवाहाचे मात्र तो जिकडे जातो त्या दिशेवरून. मूळ प्रारूपाच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, मॉरिशस तिच्या चार तास पुढे आहे आणि भारत साडेपाच तास, तेव्हा पुण्याहून निघताना जतन केलेला तक्ता तिथे उघडला तर त्यावरची वेळ कोणती आहे, हे आधी पाहावे.

उन्हाळ्यात हिवाळ्याचे नियम लावणे

नोव्हेंबर ते एप्रिल हा मॉरिशसचा उन्हाळा आणि चक्रीवादळांचा काळ. या दिवसांत नैऋत्येचा स्वेल क्वचित आणि दुबळा असतो, त्यामुळे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तामारिनची प्रसिद्ध लाट मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. दक्षिण गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या दिशेने फिरते; ते बेटाच्या पश्चिमेकडून दक्षिणेला सरकू लागले, की वारा उत्तरेकडून वायव्येकडे वळतो आणि एरवी आडोशाला असलेला पश्चिम किनाराच उघडा पडतो. हिवाळ्यात सुरक्षित वाटणारी जागा त्या वेळी सर्वांत आधी सोडायची असते. वादळ निघून गेल्यावरही घाई नको, कारण डोंगरांवर पडलेला पाऊस नद्यांतून थेट उपसागरात येतो आणि पाणी गढूळ होते. गाळ, ओंडके आणि सांडपाणी त्यात असते, तळ दिसत नाही आणि अशा पाण्यात शार्कपासूनचा धोकाही वाढतो. पाण्याचा रंग पूर्ववत होईपर्यंत बोर्ड कोरडा ठेवावा; त्याला किती दिवस लागतील, हे नदीच्या मुखाशी राहणारे मच्छीमार कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमके सांगतात, आणि जवळच्या कास्कावेल परिसरात जुनी मराठी वस्ती असल्याने ही चौकशी क्वचित मराठीतूनही करता येते.