यकृताची वाढ अभ्यासायची तर आधी घड्याळ लावा

उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला, तरी उरलेला भाग आठवडा-दहा दिवसांत जवळजवळ मूळ वजनावर येतो. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला आणि विभागायला सांगणारी प्रथिनं, हे कसं घडवतात ते स्वतःच्या प्रयोगात बघायचं असेल, तर माझा आग्रह एकच: आधी तासांचं वेळापत्रक कागदावर मांडा, मगच कात्री हातात घ्या. इथे प्रत्येक सिग्नल आपल्या वेळेला येतो आणि ओसरतो. चुकीच्या तासाचा नमुना घेतलात, तर काही घडलंच नाही असं वाटेल.

प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी आणि जाणत्या माणसाकडून शस्त्रक्रियेचं शिक्षण, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पद्धत हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदीरवर्गातल्या रॅटवर बसवलेली: यकृताचा मधला आणि डावा लोब, म्हणजे खंड, बांधून काढायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. गाठ महाशिरेच्या फार जवळ घेऊ नका. शीर आवळली गेली, तर यकृतात रक्त तुंबतं आणि मग तुम्ही वाढ नाही, इजा मोजत बसता. दर वेळी काही प्राण्यांचं नुसतं पोट उघडून, यकृत हलकेच हलवून टाके घाला. भूल आणि चिरेनेही सुरुवातीची काही जनुकं जागी होतात. ती वजा करायला हाच गट लागतो.

आता पहिला तास. माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हाच, आणि हाच बहुतेकांच्या हातून निसटतो. एचजीएफ, म्हणजे यकृतपेशींचा मुख्य ग्रोथ फॅक्टर, नव्याने तयार होईपर्यंत यकृत थांबत नाही. पेशींभोवतीच्या जाळीत तो आधीच साठलेला असतो, पण एकाच अखंड साखळीच्या निष्क्रिय रूपात. शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटांतच युरोकायनेज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम कामाला लागतं, साखळी ठरलेल्या जागी कापली जाते, आणि एचजीएफ यकृतपेशीवरच्या मेट या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतो. तासाभरात मेटवर फॉस्फेट चढलेले दिसतात, तो जागा झाल्याची हीच खूण. ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टरही त्याच सुमारास जागा होतो. त्याला लागणारा ईजीएफ लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या ग्रंथींतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेवाटे येत असतो.

म्हणून ३० आणि ६० मिनिटांचे नमुने टाळू नका. लोब सुटला की लगेच काडीच्या गुलाएवढे तुकडे करून द्रव नायट्रोजनमध्ये टाका. टेबलावर पडलेल्या तुकड्यातले फॉस्फेट बघता बघता उतरतात. नळ्यांवर नावं आधीच लिहून ठेवा.

पुढच्या काही तासांत कुप्फर पेशींकडून, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशींकडून, टीएनएफ आणि आयएल-६ ही संदेशवाहक प्रथिनं येतात, त्यातून यकृतपेशीतला स्टॅट३ हा जनुकं चालू करणारा घटक सक्रिय होतो. याला मी मशागत म्हणते. धक्का न बसलेल्या यकृतात नुसता एचजीएफ सोडला, तर फारच थोड्या पेशी डीएनए बनवायला घेतात. झोपलेली पेशी आधी हलावी लागते, तेव्हा कुठे ग्रोथ फॅक्टरचं तिच्यावर चालतं.

चोवीस तासांनी पोट उघडाल तेव्हा यकृत फिकट, पिवळसर दिसेल. घाबरू नका. त्या वेळी पेशींत थेंबाथेंबाने चरबी साठलेली असते, ती पुढे आपोआप जाते.

डीएनए बनण्याचा जोर रॅटमध्ये साधारण २४ तासांना असतो, छोट्या उंदरात ३६ ते ४८ तासांना. नमुन्याच्या दोन तास आधी बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणारा, नंतर रंगवून दिसणारा पदार्थ) टोचा, आणि यकृताच्या नमुन्याच्या त्याच मेणाच्या ठोकळ्यात आतड्याचा एक तुकडा बसवा. आतड्याच्या पेशी सतत विभागत असतात. त्यांची केंद्रकं रंगली नाहीत, तर दोष रंगवण्यात आहे, यकृताला बोल लावू नका.

शस्त्रक्रिया दिवसाच्या ठराविक तासालाच करा. माझ्या पहिल्या मालिकेत काही उंदीर सकाळी झाले, काही संध्याकाळी, आणि विभागणाऱ्या पेशींचे आकडे इतके विखुरले की पूर्ण मालिका बाजूला ठेवावी लागली. यकृतपेशी विभागणीत कधी शिरणार, यावर शरीराच्या दैनंदिन घड्याळाचा ताबा असतो, हे २००३ मध्ये उंदरांवरच दाखवलं गेलं होतं.

एखादा रिसेप्टर बंद करून बघणार असाल, तर सातव्या दिवसाच्या वजनावर निकाल देऊ नका. मेट किंवा ईजीएफ रिसेप्टर यांतला एकच अडवला, तर वाढ रेंगाळते, पण बहुधा होते. दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही एकदम बंद केल्यावर यकृत वाढतच नाही, असं २०१६ मध्ये उंदरांवर दिसलं. एकाचाच परिणाम शोधायचा, तर ४८ तासांचा नमुना हवा.

टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टर उलट विभागणी रोखतो खरा, पण तो वाढलेला दिसला म्हणजे वाढ थांबली असं लिहू नका. वाढत्या यकृतातल्या पेशी काही काळ त्याला दाद देत नाहीत.

शेवटी वजन. काढलेले लोब त्याच दिवशी तोलून नोंदवा, नंतर यकृत आणि पूर्ण शरीर यांच्या वजनाचं गुणोत्तर काढा. कापलेले लोब परत उगवत नाहीत, तिथे फक्त खुंट दिसेल. फुगून गोलसर झालेले असतील ते मागे ठेवलेले लोब, तराजूवर तेच ठेवायचे.