नॉर्ग्येलिंगच्या माणसांना माहिती कशी द्यावी

गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीतले लोक माझ्या सेवा केंद्रात येतात. तुम्हीही असं टेबल मांडणार असाल, तर "काय माहिती हवी?" असं विचारू नका. माणूस गप्प बसतो. "पिशवीतले कागद दाखवता का?" म्हणा. गरज कागदांतच दिसते.

आरसी म्हणजे भारतात राहण्याची नोंद. तिची मुदत आधी तुमच्या वहीत उतरवा. आयसी, म्हणजे पिवळं पुस्तक, परदेशप्रवासासाठी. हिरवं पुस्तक म्हणजे धरमशाळेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाचं ओळखपुस्तक. ते आरसीच्या जागी चालत नाही, हे शांतपणे सांगा. त्या पुस्तकावर त्यांचा फार जीव असतो.

नावाला मात्र वेळ द्या. तिबेटी नावात बहुधा आडनाव नसतं आणि फॉर्म तर आडनाव मागतो. सुरुवातीला मी मनानेच नावाचे दोन तुकडे करायचो. त्यापायी एका आजींची दोन कागदांवर दोन नावं झाली. प्रतिज्ञापत्रासाठी त्यांना तीन फेऱ्या पडल्या. आता आरसीवर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहितो. पत्ताही जुळवून बघा. वसाहत 1972 ची, गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1999 ला. म्हणून जुन्या कागदावर भंडारा असेल, तर ती चूक नव्हे.

मुदतीची आठवण दसऱ्याआधीच करून द्या. थंडीत कमावती माणसं स्वेटर विकायला शहरांत जातात, मागे म्हातारी माणसं राहतात. त्यांच्यासाठी मराठी नोटीस भिंतीवर लावून उपयोग नाही. नातीकडून तिबेटीत दोन ओळी लिहून घ्या, तारीख मोठ्या आकड्यांत. लेकाला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

सगळ्यात जपून बोलायचं ते नागरिकत्वाबद्दल. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच भारतीय आहे. एवढंच ऐकून लोक पासपोर्टचा फॉर्म भरायला येतात. पण 2017 मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: आरसी आणि आयसी रद्द करायची, वसाहतीत राहायचं नाही. आईवडील त्याच घरात असतात, कसायला जमीन तिथेच असते. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय मी फॉर्म उघडत नाही. "आज नको," म्हणतो. "घरी बोला, सेटलमेंट ऑफिसात विचारा, मग या."