"पुढच्या रविवारी येते" म्हणण्याआधी

युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रांकिव्स्कहून मेडिकल करून मी लातूरला परतले, त्याला आता काही वर्षं झाली. युद्धामुळे शिक्षणाचे शेवटचे काही महिने तर घरी बसून लॅपटॉपवरच काढले. तरी अजून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो. "ताई, तू तिकडच्या अनाथ मुलांसोबत काम करायचीस ना? मलाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. कुणी पोलंडमध्ये क्राकूव्हला मास्टर्स करतंय, कुणी तिथेच व्रोत्सवाफला आयटीत आहे, कुणी पुण्यातूनच ऑनलाइन शिकवायला तयार आहे. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी 'अनाथ' या शब्दाचं बघू. युक्रेनमध्ये अशा निवासी संस्थेला सरसकट 'इंटर्नात' म्हणतात. युनिसेफच्या माहितीनुसार युद्धाआधी तिथे जवळपास एक लाख मुलं अशा संस्थांमध्ये होती आणि त्यातली निम्मी अपंग होती. पण या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचे आई किंवा वडील, किमान एक तरी, हयात होते. कुणाच्या घरी दारू, कुणाची आई इटलीत म्हाताऱ्यांच्या सेवेला गेलेली, कुणाचा बाप तुरुंगात. मूल अपंग असेल तर गावात ना उपचार ना शाळा, म्हणून डॉक्टरांनीच 'संस्थेत ठेवा' म्हणून सांगितलेलं. बीड-लातूरकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे लगेच कळेल. आईबाप आहेत, पण जवळ नाहीत. त्यामुळे त्या मुलासमोर 'बिचारा, याला कुणी नाही' असा चेहरा करून उभं राहू नका. त्याला आई आहे, आणि तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्याला अजिबात खपत नाही.

मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबर २०१७ मध्ये, दुसऱ्या वर्षाला असताना. १९ डिसेंबरला संत मिकोलायचा दिवस असायचा (२०२३ पासून चर्चनं दिनदर्शिका बदलल्यामुळे तो ६ डिसेंबरला आला). त्या दिवशी मुलांना भेटवस्तू द्यायची तिथली रीत. आम्ही होस्टेलवर वर्गणी काढली. हातमोजे, रंगपेट्या, चॉकलेटं घेतली आणि मार्शरूत्का, म्हणजे तिथली मिनीबस, पकडून तासाभरावरच्या एका इंटर्नातला पोचलो. मुलांनी भरतकामाचे सदरे घालून कविता म्हटल्या. पाच मिनिटांत एक चिमुरडी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि गळ्यात हात टाकले. परतीच्या वाटेवर मी रडत होते. केवढं प्रेम करतात ही मुलं, असं सगळ्यांना सांगत होते.

तिथल्या विखोवातेल्का, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाई, मला पुढे एकदा म्हणाल्या, "ज्या मुलाला स्वतःचं एक तरी माणूस असतं, ते अनोळखी माणसाच्या मांडीवर असं चढत नाही." माया लावणारं कुणीच टिकत नाही म्हणून मूल समोर येईल त्याला बिलगतं. ते बघून भारावून जाणं साहजिक आहे, मीही गेले. फक्त त्या भारावलेपणात काही ठरवू नका.

मी ठरवलं, आणि तिथेच चुकले.

तिसऱ्या वर्षापासून मी रविवारी जायला लागले. नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे गणित करायला बसायचा. नाव लिहीत नाही, आणि तुम्हीही कुठल्याच मुलाचं नाव कधी कुठे लिहू नका. गुणाकार चटकन यायचा, भागाकाराला अडायचा. माझं युक्रेनियन त्याच्या भागाकारासारखंच अडखळत चालायचं, म्हणून आमचं जमलं. निघताना तो दर वेळी विचारायचा, "ति श्चे प्रिय्देश?" तू परत येशील? मी म्हणायचे, हो, पुढच्या रविवारी. तो विचारायचा, "ओबित्स्यायेश?" वचन देतेस? मी वचन द्यायचे. सहज. आपण घरातून निघताना 'येते हं' म्हणतो तसं.

मग क्रोक-१, म्हणजे तिथली मेडिकलची देशपातळीवरची परीक्षा, आली. तिथे मेडिकल केलेल्यांना या परीक्षेचा धसका वेगळा सांगायला नको. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली मुलगी मी, परीक्षा आली की बाकी जग बंद. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. फोन करून कळवावं हेसुद्धा सुचलं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला काय कळवायचं, असं कुठेतरी मनात असणार.

चौथ्या रविवारी गेले. तो आला, खिशात हात घातला आणि टेबलावर चार गोळ्या ठेवल्या. रविवारी जेवणानंतर तिथे प्रत्येक मुलाला एक त्सुकेर्का मिळायची, कागदात गुंडाळलेली चॉकलेटची गोळी. तीन रविवारच्या तीन आणि त्या दिवशीची एक. त्यातली सगळ्यात जुनी विरघळून पुन्हा घट्ट झाली होती, कागद तिला चिकटून बसला होता. "तुझ्या," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. वही आणलीच नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. विखोवातेल्का बटाटे सोलत होत्या. त्यांनी काही न बोलता दुसरी सुरी माझ्या हातात दिली. चार-पाच बटाटे झाल्यावर बोलल्या. तिन्ही रविवारी तो दुपारपासून फाटकाकडच्या खिडकीत उभा होता. आणि दुसऱ्या रविवारी रात्री त्यानं त्यांना विचारलं होतं, "माझे भागाकार चुकतात म्हणून ती येत नाही का?"

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही सुधारायला फार जड जाते. आपलं मूल असतं तेव्हा आई उशिरा आली तर ते चिडतं, रुसतं, पण आई येणार हे त्याला ठाऊक असतं. या मुलांना ते ठाऊक नसतं. त्यांच्या आयुष्यातलं प्रत्येक मोठं माणूस कधीतरी 'येते' म्हणून गेलेलं असतं. त्यामुळे तुमचा एक चुकलेला रविवार त्यांच्यासाठी आधीच्या सगळ्या चुकलेल्या रविवारांत जाऊन बसतो. आणि मूल त्याचं कारण तुमच्यात शोधत नाही, स्वतःत शोधतं. मी वाईट वागलो, मला येत नाही, मी आवडत नाही. तुम्ही परीक्षेत असता, तापात असता, किंवा नुसता कंटाळा आलेला असतो. तिकडे एक पोरगं स्वतःचा दोष हुडकत असतं. भेटवस्तू आणून हे भरून निघत नाही. मी नंतर रंगपेटी नेली होती, त्यानं ती दुसऱ्या मुलाला देऊन टाकली. माझ्याशेजारी वही घेऊन तो पुन्हा बसला तो सप्टेंबरात, शाळा सुरू झाल्यावर.

बाईंनी त्या दिवशी घालून दिलेली शिस्त अशी. महिन्यातून दोनच वेळा ये, पण ये. तारखा आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिही, आणि जी तारीख लिहिलेली नाही तिच्याबद्दल 'बघते', 'जमलं तर' असं काहीही बोलू नकोस. एकटी येऊ नकोस, जोडीनं ये, म्हणजे एकीला नाही जमलं तर दुसरी येईल. आणि तू हा देश सोडून कधी जाणार, ते आत्ताच सांगून टाक. हे शेवटचं मला फार कठोर वाटलं. तरी सांगितलं: जून २०२२. त्यानं बोटांवर वर्षं मोजली आणि मान डोलावली. मला वाटलं होतं तो खचेल. उलट त्या दिवसानंतर तो 'परत येशील का' हे विचारेनासा झाला. कोविडच्या काळात बाहेरच्यांना आत सोडत नव्हते, तेव्हा त्याच तारखांना फोन केले.

फेब्रुवारी २०२२ च्या पानावर २७ तारीख लिहिलेली होती, रविवार. २४ ला पहाटे आमच्या शहराच्या विमानतळावर क्षेपणास्त्रं पडली. २७ ला मी रोमानियाच्या सीमेवर, सिरेतच्या अलीकडे, बर्फात रांगेत उभी होते. कसाबसा फोन लागला. बाई म्हणाल्या, त्याची आजी येऊन त्याला गावी घेऊन गेली, बऱ्याच मुलांना घरचे घेऊन गेलेत. जाताना त्यानं निरोप ठेवला होता: "रविवारी मी इथे नसेन, तिला सांगा, उगाच येऊ नको म्हणावं."

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

गुरू कोण करावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या माणसानं त्या संस्थेत कधी बटाटे सोलले नाहीत, मुलांची अंथरुणं बदलली नाहीत, त्याच्याकडून या कामाचे धडे घेऊ नका, त्याचं सादरीकरण कितीही देखणं असो. दोन दिवसांच्या ऑनलाइन बालमानसशास्त्राच्या प्रमाणपत्रानंही कुणी तयार होत नाही. तिथल्या आया, स्वयंपाकीण, रात्रपाळीच्या बाई यांच्याकडे बसा. त्या सुरुवातीला तुसडेपणानं वागतील. त्यांनी तुमच्यासारखे पन्नास जण येऊन गेलेले पाहिलेत.

भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका. शंभर शब्द युक्रेनियनचे शिका, रशियन येत असेल तरीही. घाबरू मात्र नका, तुमच्या चुका काढायला मुलांना फार आवडतं. दिवसभर ज्याच्या चुका निघतात, त्याला कधीतरी कुणाला शिकवायला मिळतं.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. १५ फेब्रुवारी २०२४ पासून पोलंडमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्यांची, स्वयंसेवकांचीसुद्धा, पूर्वपडताळणी कायद्यानं सक्तीची आहे, आणि परदेशी नागरिकाला स्वतःच्या देशातला गुन्हे-नोंदीचा दाखलाही द्यावा लागतो. म्हणजे आपलं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), ते वॉर्सातल्या भारतीय दूतावासामार्फत मागवता येतं. वेळ लागतो, आधीच अर्ज करा. जर्मनीतही असाच विस्तारित चारित्र्य दाखला मागतात. कुणी म्हणालं, 'कागद राहू दे, तू भला माणूस दिसतोस, ये उद्यापासून', तर तिथे जाऊच नका. जी संस्था तुम्हाला न तपासता आत घेते, ती कुणालाही आत घेते.

फोटो काढू नका. एकही नाही, पाठमोरासुद्धा नाही. माझी मावशी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिला पुण्याला होस्टेलवर शिकायला ठेवलं होतं. शिक्षण मिळालं, त्याबद्दल ती आजही हात जोडते. पण कपडे वाटताना तिचा काढलेला एक फोटो तिनं पुढे कुठेतरी छापलेला पाहिला, आणि ते सांगताना तिचा आवाज अजून बदलतो. युक्रेनच्या मुलांच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न आहे. तिथली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं १७ मार्च २०२३ ला पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं. मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवलं की ते ठिकाण गुप्त ठेवतात. तुमच्या सेल्फीत मागे दिसणारी एक पाटी त्यावर पाणी फिरवू शकते.

'एखादं मूल दत्तक मिळेल का' हेही खूप जण विचारतात, आणि मनापासून विचारतात हे मला माहीत आहे. युद्ध सुरू झाल्यावर युक्रेननं परदेशी दत्तक प्रक्रिया थांबवली. धावपळीच्या काळात मुलाचे आईबाप जिवंत आहेत की नाहीत हेच कळत नाही, म्हणून असं करणंच योग्य.

पैसे द्यायचे असतील तर माझं मत ऐका, पटलं नाही तरी चालेल. इमारतीला रंग, नवा टीव्ही, मोठा हॉल यांना देऊ नका. २०१७ मध्येच युक्रेननं या मोठ्या संस्था कमी करून मुलांना कुटुंबांत न्यायचं धोरण आखलं. तिथे संगोपन करणारं कुटुंब एक ते चार मुलं घेतं, कुटुंबासारखं चालणारं बालगृह पाच ते दहा. अशा घरांना वॉशिंग मशीन लागतं, दातांच्या डॉक्टरची फी लागते, गणिताची शिकवणी लागते. भिंती जितक्या सजवाल तितक्या त्या टिकतील, आणि मुलं आतच राहतील.

मी आता अशाच एका घरातल्या चार मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. नव्यानं शिकवणाऱ्यांना एकच सांगते, पुस्तकातला 'माय फॅमिली' हा धडा सोडून द्या. मी पहिल्याच आठवड्यात तो उघडला होता आणि एका मुलीनं कॅमेरा बंद केला. खाण्यापासून सुरुवात करा, फुटबॉलपासून करा. 'त्रिवोगा', म्हणजे हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, की वाक्य अर्धं सोडून मुलं तळघरात जातात. 'थांबा, एवढं संपवू' म्हणू नका. वीज गेली तर त्या दिवशी वर्ग नाही, रागवायचं नाही. आणि घड्याळ सांभाळा. हिवाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात अडीच. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची वेळ बदलते, आपली नाही. त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. मार्चमधल्या त्या आठवड्यात तुम्ही तासभर उशिरा उगवलात, तर चार मुलं तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसलेली असतील.

या कामात कुणी तुमच्याकडून महान काही मागत नाही. महिन्याचे दोन रविवार किंवा आठवड्याचा एक तास कुणालाही जमतो, तुम्हालाही जमेल. यायचं असेल तर मला 'कधीही चालेल' असं कळवू नका. परीक्षा, लग्नं, दिवाळीची सुट्टी धरून पुढच्या सहा महिन्यांत ज्या तारखांना जमणार नाही, तेवढ्या आधी लिहून पाठवा.