रात्री माडाला कान लावून बघा, सोंड्या आत असेल

गणपती आटपले, पाऊस जरा ओसरला, आता परसातल्या माडांकडे एक चक्कर मारा. शेंडे साफ करायचे ते याच दिवसांत, आणि सोंड्या भुंग्याला आयतं दार उघडून देतो तेपण याच दिवसांत, म्हणून म्हटलं गडी माडावर चढायच्या आधीच लिहावं.

सोंड्या म्हणजे लालसर तपकिरी, पुढे लांब सोंडवाला. मादी जखम शोधत येते, तिथे अंडी घालते, एकेक मादी 200च्या वर, आणि तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडून खोड पोखरायला लागतात. आता जखम करतं कोण? थोडी गेंड्या भुंगा करतो, म्हणजे डोक्यावर शिंग असलेला, शेंडा कुरतडणारा दुसरा भुंगा, बाकीची आपणच, चढायला कोयत्याने खाचा पाडतो, मांडवाला पाहिजेत म्हणून हिरव्या झावळ्या खोडाला लागून तासतो. आमचा विहिरीजवळचा आठ वर्षांचा बाणवली जातीचा माड असाच गेला, मांडव मात्र झकास झालेला.

ओळखायचं कसं, तर खोडाला भोकं, त्यातून तपकिरी चिकट रस, बाहेर आलेला चोथा आणि माडी आंबल्यासारखा वास. रात्री सगळं शांत झालं की खोडाला कान लावा, आत कुरतडल्याचा आवाज येतो. मी लावला तर आई म्हणाली वेड लागलं काय, मग तिने स्वतः लावला नि गप्पच झाली. मधला कोंब ओढल्यावर हातात आला तर माड गेला समजा, शेंडा सुकेपर्यंत वाट बघू नका.

वेळेत सापडलं तर खालची भोकं मातीने लिंपा, सगळ्यात वरच्या भोकात नरसाळं लावून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, 17.8 टक्केवालं, 1 लिटर पाण्यात 1 मिली असं एक-दोन लिटर द्रावण ओता, मग तेही भोक बंद. ग्लोव्हज घाला, विहीर जवळ असेल तर सांडू देऊ नका, आणि दीडेक महिना त्या माडाचं शहाळं कोणाला देऊ नका, पाहुण्यांनापण नाही.

झावळी कापायचीच तर खोडापासून साधारण 4 फूट देठ ठेवून कापा. झालेल्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद नि चुन्याचा लेप) नाहीतर डांबर फासा. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत तीन डांबरगोळ्या, वर वाळू, दर 45 दिवसांनी. शेणखताचा खड्डा उपसून गेंड्याच्या अळ्या वेचा, कोंबड्या खूश होतात.

कामगंध सापळा, म्हणजे वासाने भुंगे ओढून पकडणारा, एकट्याच्या परसात लावू नका बुवा, आजूबाजूचे सोंड्ये तुमच्याकडे जमतील, वाडीने मिळून लावला तरच उपयोग, आणि तोही लहान माडांपासून लांब. मेलेला माड तोडून कुंपणाला आडवा टाकायची सवय आहे ना आपल्याकडे, त्यातून महिनाभर भुंगे निघत राहतात, तो फोडून जाळा.