चॉकलेट पेकन पाय : या चुका टाळा

चॉकलेट पेकन पाय म्हणजे पारीत चॉकलेट आणि पेकन (अक्रोडासारखा सुका मेवा) यांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. तो बिघडला की आपण ओव्हनला किंवा चॉकलेटला दोष देतो. खरी गोम अशी की आपण त्याला केक समजतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेत अनेक घरांत दिसणाऱ्या या पायचं सारण अंड्यांवर जमतं. केकसारखी सुरी खुपसून ती कोरडी निघायची वाट बघत बसलात, तर अंडी फाटतात, सारण रवाळ होतं, वर भेगा पडतात. कडा घट्ट आणि मधला दोन-तीन इंचांचा भाग खरवसासारखा थरथरतोय, एवढं दिसलं की काढा. नऊ इंची पायला ३५० अंश फॅरनहाइटवर (१७५ सेल्सिअस) साधारण ५० ते ६० मिनिटं लागतात. थर्मामीटर असेल तर मध्यभागी २०० फॅरनहाइट पुरे.

आणि मग चार तास हात लावू नका. पहिल्या वर्षी मी गरमागरमच कापला. पाहुण्यांना चॉकलेटचा रस्सा पळीने वाढावा लागला. आता बुधवारी रात्रीच करून ठेवते.

दुसरी खोड आपल्या हाताची. पारीचं पीठ कणकेसारखं तिंबायचं नाही. लोणी थंडगार, पाणी बर्फाचं, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे दिसायलाच हवेत, त्यांनीच पापुद्रे सुटतात. लाटलेली पारी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली नाही तर भाजताना आक्रसते. तळ गिच्च राहत असेल तर सारण भरण्याआधी पारीवर बेकिंग पेपर आणि कोरडा राजमा पसरून १५-२० मिनिटं भाजा. काचेचं भांडं मात्र फ्रिजमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये नको, तडकतं.

वितळलेलं चॉकलेट-लोणी कोमट झाल्यावरच अंड्यांत ओता, नाहीतर गोड भुर्जी होते. सारणातलं कॉर्न सिरप (मक्याचा गोड पाक) आणि साखर आधीच भरपूर गोड, म्हणून चॉकलेट ६०-७० टक्के कोकोचं घ्या. कॉर्न सिरपऐवजी साधा साखरेचा पाक घातला तर तो पुन्हा दाणे धरू शकतो.

पेकन आधी चाखून बघा. त्यात तेल भरपूर, खवट पटकन होतात. नसतील तर अक्रोड घाला, अमेरिकेतल्या केंटकी राज्याकडे चॉकलेटबरोबर तेच घालतात.

कडा लवकर करपू लागल्या तर फक्त कडांवर फॉइल गुंडाळा. उरलेला पाय फ्रिजमध्ये ठेवा, अंडी आहेत त्यात.